घरातले गरम पाणी: सोलर, हीट पंप, गोबरगॅस आणि बंब – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात घर तापवायचे म्हणजे जवळजवळ नेहमीच अंघोळीचे पाणी तापवायचे. खोली गरम करायची वेळ वर्षातून फार तर काही आठवडे येते, तीही सगळीकडे नाही. म्हणून इथले बहुतेक प्रश्न पाण्याचे आहेत. त्यातही निम्म्याहून जास्त तक्रारी उन्हाच्या नसून नळजोडणीच्या असतात, त्यामुळे पाइप, व्हॉल्व्ह आणि टाकीची उंची यांबद्दल इथे जरा जास्तच वाचायला मिळेल.

आमच्या घराला किती लिटरचा सोलर लागेल?

माणसे मोजण्याआधी बादल्या मोजा. हिवाळ्यात टाकीतले पाणी ६० अंश आणि नळाचे २० अंश धरले, तर अंघोळीच्या ४० अंशांसाठी निम्मे गरम आणि निम्मे विसण लागते. म्हणजे २० लिटरच्या बादलीत १० लिटर गरम पाणी जाते. चार माणसे, प्रत्येकी दीड बादली, झाले ६० लिटर. भांडी आणि पाइपात अडकून राहणारे पाणी धरून १०० लिटरचा संच बेताचा होतो, १५० लिटरचा सुखाचा.

शॉवर असेल तर गणित बदलते. साधा शॉवर मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी सोडतो. आठ मिनिटांची अंघोळ म्हणजे ६५ ते ८० लिटर, त्यातले निम्मे गरम. अशा चौघांना २०० लिटर घ्यावे लागतील. पाहुण्यांच्या हिशेबाने ३०० लिटरचा संच घेऊ नका. वर्षातले चार दिवस गीझर लावणे स्वस्त पडते, आणि मोठी टाकी उन्हाळ्यात उगाच उकळत बसते.

नळ्यांचा घ्यावा की सपाट पत्र्याचा?

नळ्यांच्या संचात (ईटीसी) दुहेरी काचेच्या नळ्या असतात आणि दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असते. थर्मासचेच तत्त्व, फक्त आतल्या काचेवर ऊन शोषणारा काळा लेप. सपाट संचात (एफपीसी) तांब्याच्या नळ्या काळ्या पत्र्याला जोडून वर कडक काच बसवलेली असते. १०० लिटरला सपाट संचाचे साधारण २ चौरस मीटर क्षेत्र लागते. नळ्यांच्या संचात ५८ मिलिमीटर व्यासाच्या, १८०० मिलिमीटर लांबीच्या १० नळ्या किंवा ४७ मिलिमीटरच्या, १५०० मिलिमीटर लांबीच्या १४ नळ्या लागतात. १०० लिटरचा म्हणून ८ नळ्यांचा संच कोणी देत असेल, तर टाकी १०० लिटरची असेल, पण पाणी तेवढे तापणार नाही.

नळ्यांचा संच स्वस्त असतो, ढगाळ दिवशी थोडा बरा चालतो आणि मध्यम जड पाणी सहन करतो. पण काच फुटते. सपाट संच महाग असला तरी वानरे, गारा आणि गच्चीवर क्रिकेट खेळणारी मुले यांना पुरून उरतो. पाणी मऊ असेल तर तो पंधरा-वीस वर्षे सहज जातो. तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी चोंदतात हे मात्र त्याचे खरे दुखणे. महापालिकेचे धरणाचे पाणी असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर सपाट घ्या, बोअरचे पाणी असेल तर नळ्यांचा. सपाट संच घेताना त्यावर आयएस १२९३३ या मानकाचा शिक्का पाहा.

बोअरचे पाणी जड आहे. काय होईल?

दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. पाणी ६० अंशांच्या वर तापले की हे क्षार झपाट्याने खाली बसतात आणि पांढरा खडू धरतो. पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमच्या पुढे असेल तर साधा सपाट संच नकोच. घ्यायचा झाला तर हीट एक्स्चेंजरचा घ्या. त्यात तांब्याच्या नळ्यांतून वेगळे, बंदिस्त पाणी फिरते आणि तुमचे पाणी फक्त टाकीत तापते.

नळ्यांच्या संचात गाळ नळीच्या बंद टोकाशी साचतो. दोन-तीन वर्षांनी नळ्या काढून धुवाव्यात. टाकीतला खार काढायला सल्फामिक ॲसिडचे सौम्य द्रावण वापरतात. ते नेमके किती घ्यायचे आणि किती वेळ ठेवायचे हे माहीत असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. बाथरूम धुण्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टेनलेस स्टीलच्या टाकीत कधीही घालायचे नाही. त्यातले क्लोराइड वेल्डिंगच्या जागा खाते आणि सहा महिन्यांत टाकी गळू लागते. पाणी मुळातच खारट असेल, जसे खाडीकाठच्या विहिरींचे असते, तर स्टीलची टाकी घेण्याऐवजी आतून काचेचा मुलामा दिलेली आणि मॅग्नेशियमचा ॲनोड बसवलेली घ्या. हा ॲनोड स्वतः झिजून टाकी वाचवतो, म्हणून तो दर वर्षी-दोन वर्षांनी उघडून पाहायचा आणि संपत आला की बदलायचा.

बसवताना गच्चीवर नेमके काय तपासावे?

सोलरवाला स्टँड, नळ्या आणि टाकी बसवून जातो, प्लंबर पाइप जोडतो. दोघांच्या मध्ये जे राहून जाते तेच पुढे वर्षानुवर्षे त्रास देते. म्हणून दोघे एकाच वेळी गच्चीवर असताना पुढच्या गोष्टी पाहून घ्या.

दिशा दक्षिण. सकाळी ९ ते दुपारी ४ सावली नको, आणि ती डिसेंबरातली सावली धरून ठरवा, कारण तेव्हा सूर्य सर्वांत खाली असतो. कल आपल्या अक्षांशापेक्षा १० ते १५ अंश जास्त ठेवतात. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणजे तीस अंशांच्या आसपास. उन्हाळ्यात थोडे कमी मिळते, पण गरज हिवाळ्यात असते.

थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा निदान फूटभर वर हवा. तसे नसेल तर सोलरची टाकी पूर्ण भरतच नाही. उलट, पाण्याची टाकी लिफ्टच्या खोलीवर असेल आणि उंचीचा फरक ३ मीटरच्या पुढे जात असेल, तर बिनदाबाच्या (दाब न सोसणाऱ्या) टाकीत नळ्या जिथे घुसतात तिथल्या सिलिकॉन रिंगांमधून पाणी झिरपते. मग मधे ५० लिटरची छोटी टाकी बॉलकॉक लावून ठेवायची.

एअर व्हेंट म्हणजे सोलरच्या टाकीच्या माथ्यावरून निघणारा उघडा पाइप. तो थंड पाण्याच्या टाकीतल्या कमाल पातळीपेक्षा वर गेलाच पाहिजे, नाहीतर त्यातून पाणी वाहत राहते. पाणी वाहते म्हणून कोणी त्याला बूच मारले, तर वाफेला वाट उरत नाही आणि पाणी वेगाने उतरताना आत निर्वात होऊन टाकी चेपते. चेपलेली टाकी दुरुस्त होत नाही.

थंड पाण्याच्या पाइपवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) हवा, बाणाची दिशा सोलरकडे. तो नसेल तर तापून फुगलेले पाणी उलटे वरच्या टाकीत जाते आणि स्वयंपाकघरातल्या थंड नळाला कोमट पाणी येऊ लागते. त्याच पाइपवर एक बंद करायचा व्हॉल्व्हही ठेवा. नळी फुटली की तोच पहिल्यांदा शोधावा लागतो.

सपाट संचात टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा अंदाजे फूटभर वर लागतो. पाणी इथे पंपाविना, गरम वर आणि थंड खाली, असे आपोआप फिरते. टाकी खाली बसवली तर रात्री हाच प्रवाह उलटतो आणि दिवसभर तापवलेले पाणी पॅनेलमधून आकाशाला उष्णता देत बसते.

भरलेला २०० लिटरचा संच स्टँडसकट अडीचशे किलोच्या पुढे जातो. पाय बीमवर किंवा भिंतीवर येतील असे पाहा, वॉटरप्रूफिंगला भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांत रोवा, आणि वळवाच्या वाऱ्यात रिकामा संच उडू नये म्हणून ताण द्या.

गरम पाण्याला कोणता पाइप?

साधा पांढरा यूपीव्हीसी अजिबात नाही, तो मऊ पडून सांध्यांतून सुटतो. सीपीव्हीसी घरात चालतो, पण त्याची मर्यादा ८२ अंशांच्या आसपास आहे आणि मे महिन्यात न वापरलेल्या टाकीतले पाणी त्याच्या वर जाते. म्हणून टाकीपासूनचे पहिले दोन-तीन मीटर धातूचे किंवा कंपोझिट पाइपचे करा आणि पुढे सीपीव्हीसी लावा. गच्चीवरच्या पाइपला नायट्राइल रबराचे वेष्टन आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा टेप हवी. उघडा रबर दोन उन्हाळ्यांत भुगा होतो.

नळ सोडल्यावर बादलीभर थंड पाणी का जाते?

ते पाइपात रात्रभर निवलेले पाणी. एक इंची पाइपात दर मीटरला जवळपास अर्धा लिटर पाणी मावते, पाऊण इंचीत ०.३ लिटर, अर्ध्या इंचीत ०.२ लिटरच्या आत. गच्चीपासून तळमजल्यावरच्या बाथरूमपर्यंत २० मीटर एक इंची पाइप टाकला तर गरम पाणी यायच्या आधी १० लिटर वाया. घर एकाच कुटुंबाचे असेल तर मुख्य पाइप पाऊण इंचीच ठेवा. ‘जाड पाइप टाकला की जोर येतो’ हा प्लंबरचा आवडता सल्ला इथे नुकसानीचा आहे. ते पहिले पाणी बादलीत धरून विसण म्हणून वापरले तर वाया काहीच जात नाही.

संध्याकाळी कढत असलेले पाणी सकाळी कोमट का होते?

चांगल्या टाकीला ५० मिलिमीटर पफचे (उष्णता अडवणाऱ्या फोमचे) आवरण असते आणि रात्रभरात पाणी पाच-सहा अंशच उतरते. त्याहून जास्त उतरत असेल तर टाकीला दोष देण्याआधी बाथरूममध्ये जा.

सर्वांत नेहमीचा गुन्हेगार असतो मिक्सर. बादलीच्या नळाचा किंवा शॉवरचा मिक्सर दोन्ही बाजूंनी उघडा ठेवून पुढे फक्त हँडशॉवरचे बटण सोडले, तर पाणी बाहेर येत नाही, पण गरम आणि थंड पाइप आतून जोडलेले राहतात. ज्या बाजूचा दाब जास्त ती दुसरीत घुसते. थंड पाण्यावर प्रेशर पंप असेल तर तो रात्रभर थंड पाणी गरम पाइपातून वर ढकलत राहतो. सोसायटीत एका फ्लॅटमधला असा मिक्सर अख्ख्या विंगचे पाणी कोमट करतो आणि सगळे मिळून सोलर कंपनीच्या नावाने बोटे मोडतात. उपाय: प्रत्येक बाथरूमच्या गरम पाइपवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, आणि गरम व थंड दोन्ही पाणी एकाच टाकीतून.

परीक्षा सोपी आहे. संध्याकाळी सोलरच्या गरम पाइपवरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सकाळी उघडा. पाणी कढत निघाले तर दोष घरातल्या नळजोडणीत. तरीही कोमटच असेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, उलटा प्रवाह किंवा ओला झालेला पफ यांच्याकडे वळा.

प्रेशर पंप लावला तर चालतो का?

नळ्यांच्या साध्या संचाला नाही. त्याच्या नळ्या टाकीत फक्त सिलिकॉनच्या रिंगांवर टेकलेल्या असतात. पंप हवाच असेल तर दाब सोसणारी टाकी आणि तशाच जोडणीचा संच घ्यावा लागतो. तो महाग पडतो आणि त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह अनिवार्य आहे.

नळी खराब झाली हे कसे ओळखायचे? बदलायची कशी?

नळीच्या खालच्या टोकाला आतून चंदेरी मुलामा दिसतो. तो दुधाळ पांढरा झाला तर पोकळीत हवा शिरली असे समजा. अशी नळी उन्हात हाताला गरम लागते, चांगल्या नळीची बाहेरची काच जेमतेम कोमट असते.

फुटली असेल तर आधी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर वरची टाकीही त्याच वाटेने रिकामी होईल. व्यास आणि लांबी मोजूनच नवी नळी आणा. बदलण्याचे काम पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करायचे. टाकी रिकामी करून जुने तुकडे काढा, टाकीतली सिलिकॉन रिंग पुसा, फाटली असेल तर बदला. नव्या नळीच्या उघड्या टोकाला साबणाचे पाणी लावून ती फिरवत फिरवत आत सरकवा आणि मग खालचे टोक कपात बसवा. सरळ जोर लावला तर काच हातात फुटते. उन्हात तापलेल्या रिकाम्या नळ्यांत गार पाणी सोडणे ही तर एका दमात पाच-सहा नळ्या फोडण्याची खात्रीची रीत. गावाला गेल्यावर टाकी रिकामी पडली असेल, तर परत आल्या आल्या भर दुपारी व्हॉल्व्ह उघडू नका.

पावसाळ्यात काय?

जून ते सप्टेंबर सोलरवर विसंबता येत नाही, कोकणात आणि घाटमाथ्यावर तर नाहीच. टाकीतच विजेची कॉइल बसवून देतात, पण तिने सगळी टाकी तापवावी लागते. बाथरूममधला छोटा गीझर सोलरच्या पाण्यावर जोडणे शहाणपणाचे. पाणी ३५ अंशांनी आले तर त्याला उरलेलेच तापवावे लागते. मात्र गीझर किती तापमानाचे पाणी आत घेऊ शकतो हे त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्या, उन्हाळ्यात तो बाजूला काढता येईल असा बायपासही ठेवा.

उन्हाळ्यात आठवडाभर बाहेरगावी जाताना निम्म्या नळ्यांवर पोते किंवा हिरवी जाळी टाका. उकळत्या पाण्याने रिंगा लवकर कडक होतात.

हीट पंप म्हणजे काय? तो आपल्याकडे चालतो का?

फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंख्याला लागते, म्हणून १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता मिळते. हवा जितकी उबदार तितका तो काटकसरी, त्यामुळे आपले हवामान त्याला उत्तम.

२०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला ७ युनिट उष्णता लागते. गीझर ७ युनिट वीज खाईल, हीट पंप सव्वादोन ते अडीच. युनिटला १० रुपये धरले तर रोज ४५ रुपयांच्या आसपास फरक. ज्यांच्याकडे गच्ची नाही, सावली आहे किंवा चार महिने ढग असतात, त्यांच्यासाठी हा सोलरपेक्षा सरस आहे.

अडचणीही आहेत. तो गीझरसारखा दहा मिनिटांत पाणी देत नाही, टाकी भरून तापायला तीन-चार तास लागतात. म्हणून टायमर दुपारचा लावा, तेव्हा हवाही गरम असते. यंत्र बंद खोलीत ठेवले तर ते स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढते आणि क्षमता घसरते. कोरड्या बाल्कनीत, भिंतीपासून अंतर सोडून, निथळणाऱ्या पाण्याला नळी देऊन बसवा. बेडरूमच्या खिडकीखाली नको, पंखा घुमतो. घेण्यापूर्वी आपल्या गावात त्याची दुरुस्ती करणारा माणूस आहे का ते विचारा. या एका प्रश्नावर बरेच सौदे मोडतात, आणि मोडावेत.

त्यापेक्षा सोलर पॅनेलची वीज करून तीच गीझरला का देऊ नये?

देता येते. महाराष्ट्रात १ किलोवॉटची पॅनेले सरासरी दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देतात. १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायलाही ४ युनिटच लागतात. म्हणजे जे काम दोन-अडीच चौरस मीटरचा सोलर हीटर करतो, त्यासाठी विजेच्या वाटेने दुप्पट-तिप्पट गच्ची अडते. पण वीज वर्षभर कुठेही वापरता येते आणि नेट मीटरिंगमुळे (जास्तीची वीज वीज कंपनीला देऊन बिलातून वळती करण्याच्या सोयीमुळे) उन्हाळ्यातली जास्तीची वाया जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा अधिकला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. ते विजेच्या पॅनेलांना आहे, पाणी तापवणाऱ्या संचाला नाही.

गच्ची मोकळी असेल तर पॅनेले आणि हीट पंप ही जोडी सर्वांत चांगली. गच्ची छोटी आणि पैसे बेताचे असतील तर नळ्यांचा संच. नवे घर बांधत असाल तर काहीही ठरवा, पण गच्चीपासून बाथरूमपर्यंत गरम पाण्याचा वेगळा पाइप आत्ताच टाका. नंतर टाइल फोडण्यात सोलरइतकाच खर्च येतो.

मालमत्ता करात सूट मिळते का?

पुणे महापालिकेत सौर ऊर्जा, गांडूळखत आणि पावसाचे पाणी साठवणे यांपैकी एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलतीची तरतूद आहे. संच चालू असावा लागतो. इतरत्र आपल्या पालिकेच्या कर खात्यात विचारा.

गोठा आहे. गोबरगॅसवर अंघोळीचे पाणी तापेल?

तापेल, पण स्वयंपाक आधी. १ घनमीटर गॅसला रोज २५ किलो ताजे शेण लागते. गाय दिवसाला १० किलो आणि म्हैस १५ किलो धरली, तर २ घनमीटरच्या प्लँटला पाच गाई किंवा तीन-चार म्हशी हव्यात, आणि त्याही गोठ्यात बांधलेल्या. रानात चरायला जाणाऱ्या जनावरांचे निम्मे शेण रानातच राहते. २ घनमीटर गॅस म्हणजे जवळपास ९०० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. पाच माणसांचा स्वयंपाक १.२ घनमीटर घेतो. उरलेल्या ०.८ मध्ये ८० लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर जाते. तेवढ्यात घर भागते.

शेण आणि पाणी समप्रमाणात कालवा, काड्या आणि वाळू काढून टाका. टाकी भरल्यावर पहिला गॅस पेटत नाही, तो बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. सोडून द्या. थंडीत जंतू मंदावतात आणि ऐन गरजेला गॅस कमी पडतो, म्हणून शेण दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवावे. गोठा फिनाइलने धुतलेले पाणी आत गेले तर जंतू मरतात आणि पुढचे काही आठवडे काहीच मिळत नाही. ज्योत भकभकत असेल तर पाइपात पाणी साचले आहे. पाइपाला उतार देऊन सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी ठेवा. शेगडी गोबरगॅससाठी बनवलेलीच हवी, सिलिंडरच्या शेगडीचे भोक त्याला लहान पडते.

आणि बंब?

स्वतःच्या शेतातल्या तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याची बुरकुंडे किंवा नारळाची सोडणे जाळत असाल तर बंबही नवीकरणीयच. ३० लिटर पाण्याला पाऊण ते एक किलो वाळके सरपण पुरते. ओले सरपण धूर करते आणि बरीच उष्णता स्वतःला वाळवण्यात घालवते. पाणी न भरता पेटवला तर सांधे सुटतात. प्लास्टिकच्या पिशव्या पेटवणासाठी वापरू नका.

बंब अंगणात किंवा मोकळ्या पडवीत हवा. बंद न्हाणीघरात निखारे असलेला बंब ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड साठते. त्याला वास नसतो आणि माणूस जागच्या जागी बेशुद्ध पडतो. गॅस गीझरलाही हाच नियम: यंत्र बाथरूमच्या बाहेर, फक्त पाण्याचा पाइप आत.

थंडीत खोली गरम करायची तर?

निफाड, महाबळेश्वर किंवा विदर्भातल्या डिसेंबरात आधी दक्षिणेच्या खिडक्यांचे पडदे दिवसा उघडे ठेवा आणि दाराखालच्या फटी बुजवा. तेवढ्याने भागत नसेल तर गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी पाहा. तो उलट्या दिशेने चालणारा हीट पंपच असतो आणि कॉइलच्या हीटरच्या एक तृतीयांश विजेत तीच ऊब देतो.

जुना संच भंगारात देताना काय पाहावे?

सपाट संचात तांबे असते, ते वेगळे काढून वजनावर विका. सगळा संच उक्ता देऊ नका. स्टीलच्या टाकीलाही भाव येतो. नळ्यांना येत नाही. त्या फोडून कचऱ्यात टाकण्याआधी जुन्या पोत्यात बांधा आणि पोत्यावर ‘काच’ असे लिहा.